फेस टू फेस

‘‘मॅडम, मिक्सर आहे का? द्या, डिकीत टाकतो.’’

पुणे-खामगाव स्लीपरचा क्लीनर माझ्या मांडीवरच्या वस्तूकडे बघत होता. मी नको म्हटलं. बबल रॅपमधून डोकावणारा उभा पारदर्शक नळा, वर झाकणाचा कप, बाजूने लोंबणारी बारीक रबरी नळी... ‘मग हुक्का असणार’ हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटलं आणि जालना येईपर्यंत त्याने माझ्याकडे पुन्हा पाहिलं नाही. देऊळगाव राजाला चहा मात्र आणून दिला.

तर मंडळी, त्या वस्तूचं नाव प्रोटीन स्किमर. तुमच्या ऑफिसातल्या जिमवेड्या कलीगच्या ड्रॉवरमधल्या प्रोटीनच्या डब्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. तो समुद्री माशांच्या टाकीत लागतो. आणि मी तो घेऊन चालले होते बुलडाणा जिल्ह्यात, जिथून सगळ्यात जवळचा समुद्र जवळपास चारशे किलोमीटरवर आहे!

कारण माझा मामेभाऊ. खामगावात त्याचं ठिबक सिंचन आणि पीव्हीसी पाइपचं दुकान आहे. दुकानामागच्या घरात, देव्हारा आणि फ्रिज यांच्या मधे, चार फुटी टाकीत त्याने एक छोटासा समुद्र थाटलाय. दोन क्लाउनफिश (हो, हो, ‘निमो’वालेच, आणि टाकीत जन्मलेले), दोन कोळंब्या, डझनभर गोगलगायी आणि मऊ अंगाची मशरूम प्रवाळं. कडक सांगाड्याची, रीफ बांधणारी प्रवाळं नाहीत, आणि ठेवायचीही नाहीत. ती २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात टाकली गेली, म्हणजे कायद्याच्या लेखी वाघाच्या पंगतीत बसली. ‘एक तुकडा तर आहे, घे ना’ म्हणणारा दुकानदार भेटला तर सरळ पाठ फिरवा. दादाने फिरवली होती.

‘खारं पाणी आणि तुमच्याकडे?’ असं पुण्यातल्या मैत्रिणी विचारतात तेव्हा मला हसू येतं. आमच्याकडे खाऱ्या पाण्याची कमतरता कधीच नव्हती. जिल्ह्याच्या दक्षिणेला लोणारचं सरोवर आहे. उल्केने पाडलेल्या खड्ड्यातलं, खारं आणि वर सोड्यासारखं अल्कधर्मी. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं तेव्हा तुम्ही सगळ्यांनी फोटो फॉरवर्ड केले होते, आठवतंय? मिठात रमणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग होता. आणि उत्तरेला पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. अकोला, अमरावती आणि बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला. शेगाव, नांदुरा, संग्रामपूर, जळगाव जामोदकडे बोअर मारली की पाणी लागतं, पण तोंडात घेववत नाही. माझं आजोळ तिथलंच. लहानपणी मे महिन्यात गेलं की पहिले दोन दिवस चहासुद्धा खारट लागायचा. तिसऱ्या दिवशी लागायचा नाही, तो आपला पुन्हा पुण्याला आल्यावर बेचव लागायचा.

म्हणून पहिल्यांदा दादालाही वाटलं होतं, पाणी फुकटात आहे! पण खारपाणाचं पाणी म्हणजे समुद्र नव्हे. मीठ किती यापेक्षा कुठली मिठं, कशा प्रमाणात, हा प्रश्न असतो. शेवटी मार्ग तोच, सगळ्यांचा. आरओचं पाणी घ्यायचं, टीडीएस जवळपास शून्यावर आणायचा आणि त्यात टाकीसाठी मिळणारं तयार समुद्री मीठ लिटरला साधारण ३५ ग्रॅम घालायचं. म्हणजे खाऱ्या मुलखात, पाण्यातला खार काढून टाकायचा आणि मग विकतचा खार घालायचा. मामी याला ‘रिकामटेकडे धंदे’ म्हणते. मुद्दा खोडून काढणं कठीण आहे.

आता स्किमर कशाला? आई तुरीची डाळ शिजवते तेव्हा वर पांढरट फेस येतो आणि ती तो पळीने काढून टाकते, बरोबर? गुऱ्हाळात उसाच्या रसावरची मळी काढतात, तोही तोच प्रकार. माशांनी न खाल्लेलं खाणं, त्यांची घाण, प्रवाळांचा चिकटा, हे सगळं पाण्यात विरघळतं. त्यातल्या बऱ्याचशा रेणूंचं एक टोक पाण्याला धरून असतं आणि दुसऱ्याला पाण्याचा तिटकारा. हे तिटकारावालं टोक हवेचा बुडबुडा दिसला की त्यात तोंड खुपसून बसतं. बुडबुडे जितके बारीक तितकी बसायला जागा जास्त. नळ्यातून असे लाखो बुडबुडे वर चढतात, त्यांचा घट्ट फेस होतो, फेस गळ्यातून कपात सांडतो आणि कपात जमा होतं चहाच्या चोथ्यासारखं काळपट, भयाण वासाचं पाणी. गोड्या पाण्यात ही गंमत नीट जमत नाही, कारण तिथे बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात. खाऱ्या पाण्यात ते वेगवेगळे राहतात.

आणि हे सगळं वेळेत व्हावं लागतं. ही घाण टाकीत कुजली की अमोनिया, मग नायट्राइट, मग नायट्रेट. एकदा नायट्रेट झालं की स्किमर त्याला पकडू शकत नाही. म्हणजे हा माणूस आजार झाल्यावर येणारा डॉक्टर नाही, आधीच येऊन केर काढून जाणारा आहे.

दादाचे आधीचे दोन स्किमर मी पाहिलेत. पहिला त्याने स्वतःच बनवला. तत्त्व वाचल्यावर तो म्हणाला, ‘‘अवं, हे तर आपली व्हेंचुरीच हाय!’’ ठिबकवाल्या शेतकऱ्यांना ती माहीत असते. पाइपच्या मधल्या अरुंद भागातून पाणी जोरात जातं, तिथे दाब कमी होतो आणि बाजूच्या नळीतून खताचं पाणी ओढलं जातं. दादाने खताऐवजी हवा ओढायची ठरवलं. पण शेतातल्या व्हेंचुरीला शेतातला पंप लागतो. टाकीच्या पंपावर ती नुसती गुळगुळली, लग्नातल्या सोड्याच्या बाटलीएवढे बुडबुडे आले आणि फेस शून्य. मग त्याने पंप बदलला. काय लावलं असेल? कूलरचा पंप! विदर्भात घरटी दोन असतात, त्यातला एक. तीन आठवड्यांत त्याचा दांडा गंजला, आतल्या वाइंडिंगपर्यंत खारं पाणी शिरलं आणि एका सकाळी सगळ्या गोगलगायी उताण्या. तांबं! माशांना चालून जाईल एवढंसं तांबं गोगलगायी आणि कोळंब्यांचा जीव घेतं. त्यानंतर दादाने सहा महिने टाकीकडे पाहिलं नाही.

म्हणून हा तिसरा. पुण्यात एका हौशी माणसाने टाकी बंद केली, त्याच्याकडून सेकंडहँड घेतला. बुडात छोटा पंप, त्याच्या पंख्याला पात्यांऐवजी बारीक काट्या. त्या हवा आणि पाणी एकत्र घुसळून बुडबुडे चेचतात. सिरॅमिकचा दांडा, गंजायला काही नाही.

पहिल्या दिवशी आम्ही तो खोलून व्हिनेगरच्या पाण्यात घातला. जुन्या स्किमरचा खरा शत्रू म्हणजे हवेच्या नळीच्या तोंडाशी साचलेलं मीठ आणि चुन्याचा थर. बाहेरून काही दिसत नाही, पण हवा निम्म्यावर आलेली असते. धुतला, ओ-रिंग बदलली, टाकीखालच्या सम्पमध्ये उभा केला, चालू केला. दूधगंगा! सगळा नळा पांढराशुभ्र. पण गळ्यात फेस काही चढेना. धुतलेल्या किंवा नव्या स्किमरला रुळायला वेळ लागतो, कधी दोन दिवस, कधी दोन आठवडे. ऑफिसातल्या नव्या जॉइनीसारखं. संध्याकाळी थोडी आशा दिसली, आणि मी ती घालवली. मामीने दुपारी डोक्याला तेल चोळून दिलं होतं. त्याच हातांनी मी सम्पमधला पाइप सरळ केला. पाच मिनिटांत फेस बसला! तेलाचा एक थेंब फेसाचा जीव काढतो. हँडक्रीमवाल्यांनो, नोट करा. दादा काही बोलला नाही, फक्त साबणाकडे, मग नळाकडे बोट दाखवलं. साबणही चालत नाही, नुसतं भरपूर पाणी.

मामा हे सगळं दिवाणावर बसून बघत होते.

मामांबद्दल सांगायचं राहिलंच. ते गावातली शेती बटाईने देऊन वर्षभरापूर्वी दादाकडे आलेत. किडन्या. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, अकोल्याला डायलिसिस. आमच्या गावात हे नवं नाही, प्रत्येक गल्लीत एक तरी नाव निघतं. गावातला कोणीही सांगेल की हे खारपाणाचं पाणी पिऊन झालं. डॉक्टर बीपीचं विचारतात, शुगरचं विचारतात, अंगदुखीच्या किती गोळ्या खाल्ल्या ते विचारतात. मामांना तिन्ही होतं. आता त्यांना दिवसाला एक लिटर पाणी, चहा आणि वरण धरून. मामीने बाटलीवर मार्करने रेघा मारल्यात. हयातभर वाईट पाणी पोटभर प्यायलेला माणूस आता घरात आरओ असताना मोजून पितो.

दुसऱ्या रात्री लाइट गेली. खामगाव, मे महिना, यात बातमी काही नाही. पण लाइट गेली की वरच्या टाकीतलं थोडं पाणी खाली सम्पमध्ये येतं, स्किमरच्या पोटातलंही उतरतं, आणि सम्पची पातळी वाढते. अडीच वाजता लाइट आली तेव्हा स्किमर नेहमीपेक्षा तीन इंच खोल पाण्यात उभा होता. तो असा काही उसळला, की दोन दिवसांची जमलेली मळी कपातून सम्पच्या बाहेर, तिथून फरशीवर आणि फरशीवरून मामीच्या चपलांपर्यंत. वास? बोंबील वाळवायच्या जागेवर कोणीतरी अंडी फोडलीत, असं समजा. ‘‘माह्या घरात हे नाही पाह्यजे,’’ मामी म्हणाली. अडीच वाजता, पोछा हातात, शांतपणे. आरडाओरडा परवडला असता.

सकाळी दादा दुकानात गेला आणि येताना तीन वस्तू घेऊन आला. इथून पुढे मला खरी मजा आली.

पहिली, माळ्यावरच्या जुन्या फ्रिजचा स्टॅबिलायझर. लाइट आल्यावर तो तीन मिनिटं थांबून मग करंट सोडतो, कॉम्प्रेसर जळू नये म्हणून. स्किमर त्यावर लावला. आता लाइट आली की आधी पाणी वर चढवणारा पंप सुरू होतो, सम्पची पातळी जागेवर येते आणि मग स्किमर जागा होतो. एवढं सोपं! महागड्या कंट्रोलरच्या जाहिराती बघून मी उगाच हळहळत होते.

दुसरी, कूलरचा फ्लोट. टाकीवर पंखे लावलेत, त्याशिवाय ४४-४५ डिग्रीच्या गावात पाणी २६-२७ वर राहणारच नाही. पाण्याची वाफ होते आणि टाकी थंड होते. मुंबईच्या दमट हवेत हा उपाय फुसका, आमच्या कोरड्या उन्हाळ्यात एक नंबर. पण त्यात रोज सहाएक लिटर पाणी उडतं. मीठ उडत नाही, पाणीच उडतं, म्हणून भर घालायची ती साध्या आरओच्या पाण्याची. पातळी घसरली की स्किमरचा फेसही घसरतो. दादाने वीस लिटरची बादली वर ठेवून खाली कूलरचा फ्लोट लावला, त्याचा धातूचा स्क्रू काढून प्लॅस्टिकचा घालून. बादली मोठी मुद्दामच घेतली नाही. फ्लोट अडकला तर वीस लिटरच जातील.

‘‘सहा लिटर?’’ मामा पहिल्यांदाच बोलले. ‘‘रोजचे?’’

‘‘उन्हाळ्यात, मामा.’’

‘‘लेकाचे मासे सहा लिटर पिऊ राह्यले!’’ आणि ते हसले. मामी हसली नाही.

तिसरी वस्तू म्हणजे भांडी घासायची नायलॉनची जाळी, दहा रुपयांची. काट्यांच्या पंख्यावर जाळी शिवायची, हा स्किमरवाल्यांचा जुना जुगाड. जाळीच्या गुंत्यात हवा आणखी बारीक चिरली जाते. ऐकायला सोपं आहे. गोल कापायचे, दोन थर, नायलॉनच्या दोऱ्याने चार ठिकाणी टाके. एका बाजूला जरा जड झालं की पंप गिरणीसारखा घरघरतो. पहिला प्रयत्न घरघरला. दुसऱ्यात जाळी बाजूला घासली. तिसरा मामीने शिवला. ब्लाउजला हूक लावणाऱ्या बाईपुढे आम्ही दोघं मास कॉम आणि बीकॉम काय शिवणार?

हवा वाढली का, हे मोजायला मीटर नव्हता. मामांच्या बाटलीची जोडीदार, तशीच रेघांची एक लिटरची, बादलीत हवेसकट उलटी धरली, स्किमरची हवा ओढायची नळी तिच्यात वर सरकवली आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. बाटलीतली हवा ओढली जाते तसं पाणी वर चढतं. आधी लिटरभर हवेला चौदा सेकंद लागत होते, जाळीनंतर नऊ. दादाने तीनदा मोजलं, मग दुकानातल्या मुलाला बोलावून चौथ्यांदा मोजायला लावलं. पंपाला आता पाण्यापेक्षा हवा जास्त ढकलायची असते, त्यामुळे वीजही थोडी कमी लागते. हा बोनस.

राहता राहिली पातळी. कंपनीचा बाहेर जाणारा पाइप ठरावीक उंचीचा होता. मी म्हटलं, गेट व्हॉल्व्ह लाव. दुकानात होता तो पितळेचा, म्हणजे पुन्हा तांबं. दादाने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मग एकात एक सरकणारे दोन पीव्हीसी पाइप घेतले, मधे ओ-रिंग, आणि झाली वरखाली होणारी मान. पाइप वर ओढला की नळ्यातलं पाणी चढतं, फेस ओला येतो, कप लवकर भरतो आणि आत पातळ चहा असतो. खाली दाबला की फेस कोरडा, कप उशिरा भरतो, पण भरतो तो काळाकुट्ट. कुठलं चांगलं यावर हौशी लोक भांडत बसतात. माझं मत विचाराल तर मासे जास्त असतील तर ओला, नाहीतर कोरडा, आणि दिवसातून एकदाच हात लावायचा. दर तासाला फिरवत बसलात तर काहीच कळत नाही.

एक पथ्य मात्र दादाने घरात कायमचं लावलंय. स्किमर खोलीतली हवा ओढून पाण्यात घुसळतो, म्हणजे खोलीतलं सगळंच ओढतो. त्या खोलीत डासांची कॉइल नाही, स्प्रे नाही. देवाची उदबत्ती अंगणात तुळशीजवळ गेली. त्यावर मामीशी झालेली चर्चा मी इथे देत नाही.

चौथ्या दिवशी, शुक्रवारी, मामा अकोल्याहून आले तेव्हा संध्याकाळ झाली होती. डायलिसिसच्या दिवशी ते बोलत नाहीत, येऊन पडतात. त्या दिवशी पडले नाहीत. टाकीखालचं दार उघडं होतं, आत फेस गळ्यातून सावकाश वर सरकत होता, कपाच्या काठावर येऊन फुटत होता. ते खुर्ची ओढून बसले. हाताला पट्टी होती.

‘‘हे पाणी धुते काय?’’

‘‘हो मामा. घाण फेसात काढतं.’’

‘‘याले हप्त्यातून किती डाव लावा लागते?’’

‘‘चोवीस तास चालू असतं.’’

त्यांनी थोडा वेळ फेसाकडे पाहिलं. ‘‘मंग बेस हाय याचं,’’ म्हणाले.

मी काय बोलणार? दादा उगाच वायर गुंडाळत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला डेडलाइनची आठवण करून देणारे चार मिस्ड कॉल होते आणि रात्रीची गाडी. निघताना कप रिकामा करायची ड्यूटी कोणाची, असा विषय निघाला. दादा सकाळी दुकानात, मामी नाक मुरडते, दुकानातला मुलगा सरळ नाही म्हणाला. मामांनी हात वर केला. कप फिरवून काढायचा, बाहेर झाडाच्या बुडाशी नको (मीठ असतं!), संडासात ओतायचा, गळा ओल्या फडक्याने आतून पुसायचा. गळ्याला चिकटलेला थर पुसला नाही तर फेस चढत नाही. त्यांनी हे सगळं वहीत लिहून घेतलं. पूर्वी बी-बियाणांचा हिशेब असायचा, त्याच वहीत.

आता रोज सकाळी सात-सव्वासातला मला व्हॉट्सअॅपवर एक फोटो येतो. कप, खिडकीच्या उजेडात धरलेला, मागे मामांचा अंगठा. खाली दोन शब्द. ‘अर्धा. काळा.’ ‘पाव. काळा.’ मंगळवारी आणि शुक्रवारी फोटो पहाटे पाचलाच येतो, कारण सहाची बस असते. माझ्या पुण्यातल्या रूममेटने एकदा चुकून बघितला आणि मला विचारलं, की तुझ्या घरी सगळे ठीक आहेत ना. म्हटलं, कोळंब्या एकदम मजेत आहेत, एकीने कात टाकलीय.

परवाचा मेसेज मात्र वेगळा होता. ‘पाऊण कप. चहावानी.’ दादाला फोन केला आणि पाइप तीन मिलिमीटर खाली घ्यायला सांगितला. तो म्हणाला, बाबांनी सकाळीच घेतला.